फुली डावीकडे नेणाऱ्या बाई

आमच्या शाळेच्या लायब्ररीवाल्या बाई कुठल्याही गच्च भरलेल्या वस्तूकडे बघून एकच वाक्य म्हणत, "जागा राह्यतेच बाप्पा, आवरा लागते." कपाट असो, डबा असो, एस.टी.तली सीट असो; बाई जरा निरखून पाहत आणि मग खरोखरच जागा निघे. कॉम्प्युटरच्या पडद्यावरही ती निघते, हे मात्र त्यांच्याआधी मला सुचायला हवं होतं. कॉम्प्युटरचा मास्तर मी होतो.

मोताळा तालुक्यातल्या त्या शाळेत मी औरंगाबादहून सर्टिफिकेट घेऊन आलो, तेव्हा लॅबमध्ये दहा जुनी मशीनं होती. लिनक्स फुकट मिळतं म्हणून तेच टाकलेलं. मॉनिटर बुटके, आणि त्यातल्या तीन मॉनिटरांची उजवी कड काळी पडलेली. खिडकी बंद करायची फुली नेमकी त्याच काळोखात. पोरं विचारायची, "सर, फुली कुठी हाय?" मी म्हणायचो, "मॉनिटरच भंगार आहे." विषय संपला.

बाई पुस्तकांची यादी करायला लॅबमध्ये येत. मधल्या सुटीत एकेक मेनू उघडून शांतपणे वाचत बसत. मी ऐटीत पेपर चाळत असे. एके दिवशी बघतो तर त्या तिन्ही मशीनांवर फुली डाव्या कोपऱ्यात, खालची पट्टी लपलेली आणि पुस्तकांच्या तक्त्याच्या दोन-तीन ओळी जास्त दिसतायत.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं, सर. रागावू नका." मग त्यांनी सेटिंगमधली एक ओळ दाखवली. तिच्यात बटनांची नावं आणि मधे एकावर एक दोन टिंबं. "हे टिंबं म्हंजे धुरा समजा. धुऱ्याच्या अलीकडं लिवलं का बटन डाव्या हाताले, पलीकडं लिवलं का उजव्या. म्या फुलीचं वावर बदललं फक्त."

पोरं खदखदून हसली. शेताच्या बांधावरून सांगितलेलं त्यांना एका झटक्यात कळलं होतं. मी मात्र पुन्हा पेपर उघडला. त्यानंतर कुणाचं काही अडलं की पोरं मला ओलांडून लायब्ररीकडे धावत. "बाईले विचारून येतो, सर," हे मी रोज ऐकायचो आणि रोज जळायचो.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दुपारी मी लॅबचं दार लावून घेतलं आणि बाईंची सगळी मांडणी पुसून मूळची आणली. बाहेरचे परीक्षक येणार, लॅब नीट दिसायला हवी, असं मनाला सांगितलं. खरं कारण हेवा होता, दुसरं काही नाही.

सकाळी काळ्या कडेच्या मशीनवर बसलेली एक मुलगी डाव्या कोपऱ्यात फुली शोधून शोधून रडायला लागली. काळोखात चाचपडून मलाही ती सापडेना. शेवटी बाईंना बोलवावं लागलं, आणि तेही मलाच जाऊन. आल्याबरोबर त्यांना काय झालंय ते कळलं. आल्टचं बटन दाबून धरून त्यांनी अख्खी खिडकीच डावीकडे ओढली, फुली उजेडात आली. "सरांनं परीक्षेसाठी मुद्दाम पयलेसारखं करून ठेवलं," त्या परीक्षकांना म्हणाल्या. "पोरगी घाबरली, येवढंच." माझी अब्रू राहिली. त्याचाच मला जास्त राग आला.

पुढे दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. शनिवारची सकाळची शाळा, निरोप समारंभ शाळा सुटल्यावर. पहिल्याच तासाला त्या लॅबच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, मले मराठी टायपिंग शिकवता काय? तुमच्यावानी बोटं चालनारा मानूस म्या नाई पाह्यला. विचारीन विचारीन म्हनता राहूनच गेलं."

बाईंच्या तोंडून एवढंच ऐकायला मी इतकी वर्षं तळमळत होतो. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आता तास आहे. सोमवारी बघू."

"सोमवारी मी कुठी इथं, सर?" बाई हसून म्हणाल्या.

मी खुर्ची पुढे सरकवायला हवी होती. पण मी हातातला खडू ठेवतोय तोवर पोरं उठून त्यांच्याभोवती जमली. कोणी हात धरला, कोणी पाया पडलं, एक पोरगी तर मुसमुसायलाच लागली. मी फळ्याजवळ उभा होतो, आणि मला तेव्हाही हेवाच वाटला.