ती मुलगी शेवटी का रडते

आमच्या मराठी मंडळाच्या नाटकातल्या श्रीमंत मुलीची भूमिका मला मिळाली ती केवळ माझ्या मराठीमुळे. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांतल्या मुली चार वाक्यं मराठीत बोलतात आणि पाचवं कन्नडमध्ये. मी नोकरीसाठी महाराष्ट्रातून इथल्या हेब्बाळ भागातल्या कंपनीत आलेली, म्हणून लांब संवाद माझ्या वाट्याला आले.

नाटक आमच्या दिग्दर्शकांनीच, म्हणजे काकांनी, लिहिलं होतं. पहिल्या अंकात बंगल्यातली लाडावलेली मुलगी मोलकरणीच्या मुलीवर खेकसते, चहा गार झाला म्हणून कप आदळते. दुसऱ्यात तिच्या वडिलांचा धंदा बुडतो. तिसऱ्यात ती त्याच मुलीच्या गळ्यात पडून रडते. झाला बदल!

मला हे पटेना. माझी आई आमच्या तालुक्याच्या गावी एका बंगल्यात स्वयंपाक करायची. माझी कॉलेजची फी त्या घराने भरली. आमच्या घरातली पहिली पदवी त्यांच्यामुळे आली, हे मी कधी विसरणार नाही. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. ती कधीच खेकसली नाही. गोड बोलायची, आपली जुनी पुस्तकं नवी कव्हरं घालून मला द्यायची. फक्त इतक्या वर्षांत तिने मला माझं नाव विचारलं नाही. मी ‘मावशींची मुलगी’ होते.

म्हणून तालमीत मी कप आदळला नाही. हसून म्हटलं, "मावशींच्या मुलीला सांगा ना, जरा गरम करून आण म्हणावं."

"अय्यो, हे काय गं?" काका खुर्चीतून उठलेच. "आदळ की कप! लोकांना तुझा राग आला पाहिजे."

"काका, अशा मुली कप आदळत नाहीत. त्यांना गरजच पडत नाही."

"हौदा? असं होय? मग चांगलीच आहे म्हण की ती. चांगली मुलगी सुम्ने कशाला बदलेल?"

सुम्ने, म्हणजे उगाच. या प्रश्नाने मला छळलं. कंपनीच्या बसमध्ये, जेवताना, तोच विचार. उत्तर येईना, कारण मी जिला ओळखत होते ती बदललीच नव्हती. निदान माझ्यासमोर तरी नाही. शेवटी ठरवलं: तिसऱ्या अंकात ती रडणार नाही, फक्त समोरच्या मुलीला नाव विचारेल. काकांशी दोन रविवार वाद घातला. "कर बाई, करून बघ," म्हणाले.

मोलकरणीच्या मुलीचं काम करणारी कॉलेजातली मुलगी म्हणाली, "अक्का, तू विचारशील. मी काय सांगू? माझं नाव काय?"

आम्ही संहिता चाळली. सगळीकडे ‘मोलकरणीची मुलगी’. एवढी भांडले मी, पण मलाही ते सुचलं नव्हतं.

"बघ," काका म्हणाले, "आता एकट्या माझ्यावर ओरडू नकोस." तिथल्या तिथे एक नाव ठरवलं.

प्रयोगात तो क्षण आला. मी थांबले, तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुझं नाव काय गं?"

सभागृह खदखदून हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, "नाटक संपत आलं, आत्ता विचारतीय बघा!"

मला नेमकं तेच दाखवायचं होतं, पण हसण्यासाठी नव्हे. तिचं उत्तर त्या हशात कोणाला ऐकूच गेलं नाही.

काका रागावले नाहीत, हे जास्त लागलं. "पहिला अंक तुझा राहू दे," ते म्हणाले, "लोक गप्प बसून ऐकत होते. शेवट माझा. रड."

"पण काका, मग ती का रडते हे कळणारच नाही."

"रडणाऱ्याला का म्हणून कोण विचारतं गं?"

त्यानंतर जिथे जिथे प्रयोग झाले, तिथे मी रडले. टाळ्याही पडल्या. भेटायला येणारे म्हणायचे, किती बदलली हो पोरगी! मी नमस्कार करायचे आणि मनात चडफडायचे.

आता गळ्यात पडल्यावर मी तिच्या कानात हळूच नाव विचारते. ते संहितेत नाही. ती दर वेळी वेगळंच सांगते. मागच्या खेपेला तर तिने काकांचंच सांगितलं. हसू दाबताना माझे खांदे हलायला लागतात. मग पहिल्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावतात.