दुमडलेलं बोट

काकू कुठलीही गोष्ट सरळ बोटानं दाखवत नसत. बोट दुमडायचं आणि त्याच्या पेरानं दाखवायचं. भाजी पिकवणाऱ्या घरांत तुम्हीही हे पाहिलं असेल. वेलीवरच्या कोवळ्या काकडीला सरळ बोट दाखवलं की ती सडते, असा समज. काकूंना ती सवय इतकी जडली होती की येणारी एसटीसुद्धा त्या दुमडलेल्या बोटानंच दाखवायच्या.

तळेगावात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, दाखले, सगळं. काकू समोरच बाजारात पोतं अंथरून बसत. घासाघीस करणाऱ्याला म्हणत, "घे नाई त ठेव, पन काकडीले नख नोको लावू." तो निघाला की त्यालाच हाक मारून एक काकडी वर टाकत.

मोटरपंपाचं कर्ज त्यांनी एकही हप्ता न चुकवता फेडलं होतं. बँकेतले साहेब म्हणाले, तुमचा क्रेडिट स्कोअर छान झालाय, सांभाळा. झालं! दर बाजाराच्या दिवशी, माझ्याकडे रांग लागलेली असताना, काकू काउंटरशी हजर. "भाऊ, माहा आकडा पाह्यजो बरं जरासा."

मग त्यांच्या पिशवीतून मोबाईल काढा, त्यातला ओटीपी शोधा. आकडा जवळपास तोच असायचा. त्याच्यापुढे दुमडलेलं बोट धरून त्या विचारायच्या, "हा माहाच ना?" नातवाचा पहिला नंबर आल्यासारखा चेहरा व्हायचा.

एकदा मी वैतागलो. "काकू, सारखा सारखा पाहून राह्यल्या त कमी होते तो."

त्यांनी हात झटकन मागे घेतला. "काकडीवानी?"

"हो. तसंच."

मला खरं ठाऊक होतं. कर्जाचा अर्ज आल्यावर बँक स्कोअर तपासते, तेव्हा तो थोडाफार उतरू शकतो. आपला आपण पाहिला तर काही होत नाही. स्क्रीनवर खाली तसं लिहिलेलंही होतं. काकूंना वाचता येत नव्हतं. घरी जेवताना मी हा किस्सा हसत हसत सांगितला, याची आज लाज वाटते.

काकूंनी त्यानंतर दोन वर्षं आकडा पाहिला नाही. बाजारातल्या बायांनाही त्या बजावत, आपला आकडा पाहू नका.

मग बाजारात गाळे निघाले. काकूंचे गुडघे गेले होते. पोत्यावरून उठायला शेजारणीचा हात लागायचा. डोक्यावर छप्पर आणि बसायला ओटा, एवढंच त्यांना हवं होतं. अनामत भरण्यासाठी त्यांनी बँकेत अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. मी रिपोर्ट काढला. त्यांच्याच नावाच्या कुठल्याशा बाईचं थकलेलं गाडीचं कर्ज काकूंच्या नावावर चढलेलं, तेही दीड वर्षापासून. दर बाजाराला आकडा पाहणाऱ्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात दुकान डोक्यावर घेतलं असतं.

तक्रार मीच केली, एक पैसा न घेता. दुरुस्तीला महिना लागला. तोवर गाळा दुसऱ्याचा झाला.

खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. "काकू, तो आकडा..."

"तुहे उपकार आहेत भाऊ," त्या म्हणाल्या. "तू सांगतलं म्हनून मी पाह्यलाच नाई. पाह्यला असता त आखीन सडला असता." आणि काउंटरवर दोन काकड्या ठेवल्या.

मी त्या घेतल्या. आणि पुढच्या माणसाचा सातबारा काढायला घेतला.

गेल्या उन्हाळ्यात खाली बसणं अगदीच होईना, तेव्हा काकू लेकीकडे सिंदीला निघून गेल्या. त्यांच्या जागेवर आता एक तरुण बाई मेथी घेऊन बसते. परवा ती कर्जाची चौकशी करायला आली. मी म्हटलं, आधी तुमचा स्कोअर पाहून घेऊ.

"नोको भाऊ," ती घाईनं म्हणाली. "पाह्यला का कमी होते. काकू सांगे."

"काकूंना कोणी सांगितलं?"

"तुमीच ना."

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि खालची ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. काकूंनाही तेव्हा मी एवढंच वाचून दाखवायला हवं होतं.