माया धरलेला आकडा

मास्तर शाळेत फारसे टिकले नव्हते, तरी अख्खी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची, कारण ते शिंपी होते. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे संसार. बायको गेल्यावर मधला पडदा त्यांनी काढूनच टाकला होता. समोर न्हाव्याचं दुकान. एकमेकांना टोमणा मारल्याशिवाय दोघांचाही दिवस उजाडत नसे. आता त्या गल्लीत गेलं तर दोन्ही दुकानांच्या जागी चकचकीत काचा दिसतात आणि टोमणे मारायला कुणालाच वेळ नसतो.

मास्तरांच्या धंद्याचा मंत्र एकच: माया सोडा. शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखायचं, म्हणजे माणूस सुटला तरी कपडा फाटत नाही. "नुसतं मापाला माप म्हणजे कंजूषपणा," ते म्हणायचे.

जावई बोटीवर नोकरीला, म्हणून गरोदर लेक त्यांच्याकडे राहायला आली. सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब वर सरकू लागला. दवाखान्यातल्या सिस्टरनं घरी मोजायचं यंत्र घ्यायला लावलं आणि बजावलं, "सकाळ-संध्याकाळ मोजायचं. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात छातीच्या उंचीला. वरचा आकडा एकशे साठ किंवा खालचा एकशे दहा झाला, तर विचार करत बसू नका, सरळ इकडे या."

मग रोज सकाळी शिलाई मशीन थांबायचं. गिऱ्हाईक आलं की मास्तर तोंडावर बोट ठेवायचे. उंबऱ्यातून न्हावी कुजबुजायचा, "मास्तर, इतकी शांतता तुमच्याकडे फक्त ट्रायलला विजार अडकल्यावर असते." लेकीला हसू यायचं, आणि हसलं की मोजणी परत पहिल्यापासून.

आकडा बघितला की छाती धडधडते म्हणून ती डोळे मिटून बसायची. यंत्राचं तोंड मास्तरांकडे.

"किती, आप्पा?"

मास्तर आकडा वाचायचे आणि सांगताना दहा कमी करायचे. त्यांचा हिशेब साफ होता: यंत्र बनवणाऱ्याला काही अक्कल असेल तर त्यानं थोडी माया धरलेलीच असणार. ती वजा केली की राहिलं ते खरं माप. शिवाय लेकीचा चेहरा खुलायचा, तो नफा वेगळाच. दवाखान्यात आकडा जास्त यायचा, पण तिथे घाबरून वाढतो असं सगळ्यांनीच धरून चाललं.

मुलगी झाली. बाळंतपण सुखरूप पार पडलं. न्हावी म्हणाला, "आता तो दंडाला बांधायचा पट्टा मला द्या. हलणाऱ्या गिऱ्हाइकाला बांधून ठेवतो." पण सिस्टरनं घरी सोडताना पुन्हा दटावलं होतं की बाळंतपणानंतरही दाब उसळतो, मोजणं सोडायचं नाही. म्हणून पट्टा राहिला.

घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी लेक सकाळपासून कपाळ दाबत होती. "झोप नाही, दुसरं काय," म्हणाली. दुपारी पट्टा बांधला. मास्तरांनी आकडा पाहिला. वर एकशे चौसष्ट, खाली एकशे दहा.

"किती, आप्पा?"

"एकशे चोपन्न. खाली शंभर." सवयीनं जीभ चालून गेली.

"म्हणजे साठच्या आतच की. पडते जरा. डोळ्यांसमोर काजवे चमकतायत मघापासून."

ती उठायला लागली. मास्तरांनी तिचा हात धरला. आयुष्यभर माणसं सुटतात म्हणून ते कापड राखत आले होते. इथे त्यांनी राखलं नव्हतं, कापलं होतं. सिस्टरनं जी रेघ आखून दिली होती तिच्याच आत कात्री घातली होती.

"थांब पोरी. चौसष्ट आहे. मी दहा काढून सांगतो. रोजच."

"काढून? कशाला?"

"माया म्हणून."

तिनं यंत्र आपल्याकडे वळवून स्वतः आकडा वाचला आणि दवाखान्यात फोन लावला. पलीकडून सिस्टर एवढंच म्हणाली, "बाळाला घ्या आणि आत्ता निघा."

हातातला वस्तरा अन् अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच सोडून न्हाव्यानं गाडी काढली. एरवी खड्ड्याखड्ड्याला विनोद करणारा तो माणूस त्या दिवशी नुसता हॉर्न वाजवत होता.

सलाईन लागलं, औषधं सुरू झाली. डॉक्टर मास्तरांना रागावले नाहीत, आणि तेच मास्तरांना जड गेलं. संध्याकाळी सिस्टर पुन्हा मोजून गेली. लेकीनं डोळे मिटलेलेच ठेवले होते.

"किती, आप्पा?"

"एकशे अठ्ठेचाळीस. खाली शहाण्णव. जास्तच आहे अजून."

"बरं," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली. पाळण्यातली नात जागीच होती. मास्तर तिला थोपटत राहिले.