दोन ठिपक्यांमधलं ‘आणी’

बाबा जर्सी सिटीला माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या मोबाइलवर ती बातमी उगवली. कोल्हापूरच्या जुन्या सिनेमावाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर कुणीतरी अनोळखी नंबरवरून टाकलं होतं की तिथल्या दोन जुन्या चित्रसंस्था पुन्हा भागीदारी करणार. ‘उडत उडत कळलंय, पण खात्रीचं आहे,’ असं खाली लिहिलेलं. बाबांनी मला तो मेसेज तीनदा वाचून दाखवला.

बाबा त्यातल्या एका संस्थेचे पेंटर. सिनेमाच्या सुरुवातीची नावं तेव्हा हाताने रंगवत. दुसऱ्या संस्थेचे पेंटर त्यांचे जिवलग मित्र, एका ताटात जेवणारे. दोन्ही संस्थांची नावं एकाच पाटीवर यायची आणि ती पाटी हे दोघं मिळून रंगवायचे. मग मालकांचं फाटलं. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे लाभ कुणाचाच झाला नाही. मालक आपापल्या गाड्यांत बसून गेले, आणि आपापल्या मालकाची बाजू घेऊन या दोन शहाण्यांनी बोलणं टाकलं. त्याला तीसएक वर्षं झाली. आई गेली तेव्हा ते पेंटर काका आमच्या फाटकापर्यंत येऊन परत गेले होते. मी खिडकीतून पाहिलं होतं. मला त्यांचा अजून राग होता.

बातमीनंतर बाबांना चैन पडेना. ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके फाडायचे आणि त्यावर काळ्या रंगाने अक्षरं गिरवत बसायचं. त्यांचा हात थरथरतो, चहा निम्मा बशीत सांडतो, आणि म्हाताऱ्याला नव्या पाटीचे डोहाळे लागलेत, असं मला वाटलं. मी घाबरले. गुपचूप कोल्हापूरच्या मावसभावाला फोन केला, तर तो हसायलाच लागला.

“ताई, कसली पार्टनरशिप? एका स्टुडिओच्या जागेवर मंगल कार्यालय झालंय. दुसरी कंपनी बंद पडून जमाना झाला. कुणीतरी पुडी सोडलीय.”

चार दिवस मी ते पोटात ठेवलं. शेवटी रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर म्हटलं, “बाबा, ती न्यूज फेक आहे. मी चेक केलं. सॉरी.”

“माहितीय की,” ब्रश धूत बाबा म्हणाले.

“कधीपासून?”

“वाचली तेव्हापासून.”

त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. दोन संस्थांच्या नावांच्या मध्ये लिहिलं होतं ‘आणी’. दुसरी वेलांटी, आणि शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका.

“अहो, अर्धा महाराष्ट्र असंच लिहितो.”

“लिहितो. पण ठिपके कोण देतं? आमच्या पाटीवर होते ते. दर पाटीवर तो दुसरी वेलांटी काढायचा आणि मी ती पुसून पहिली काढायचो. कितीदा सांगितलं, सुधारला नाही.”

बाबांशी एक शब्द बोलायला आमच्या फाटकावरून परतलेल्या, ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाने दोन मेलेल्या कंपन्या जिवंत केल्या होत्या! आणि बाबा खोक्यांवर पाटी रंगवतच नव्हते. ते उत्तर गिरवत होते.

“मग एवढे दिवस गप्प का?”

“हात साथ देईना. वाकडी वेलांटी पाठवली तर काय म्हणेल तो?”

त्यांनी नवा खोका घेतला. मी टेबल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. टेबल हलत नव्हतं तरी धरलं. ठिपका. आ. ण. मग त्यांनी श्वास रोखला आणि पहिली वेलांटी एका ओढीत वरून खाली उतरवली. चहाचा कप न धरता येणारा तो हात तेवढ्यापुरता हललासुद्धा नाही. बाबांना काम करताना मी लहानपणी पाहिलं असणार, पण दिसलं ते आत्ता.

दुसरा ठिपका देऊन त्यांनी ब्रश ठेवला. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. कोल्हापुरात संध्याकाळ झाली असेल. आम्ही दोघं मोबाइलकडे बघत बसलो. पाचेक मिनिटांनी उत्तर आलं. मला चष्मा सापडेना, म्हणून बाबांनीच वाचलं.

“वेलांटी तुझ्यासाठीच चुकवत होतो, लेका.”