व्यंकटीचं बसणं

लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्यांना पाट्या लागल्या. कामगार कोर्टालाही लागली. खुर्ची आली, शिपाई आला. साहेब तेवढा आला नाही. नांदेडच्या साहेबाकडे इकडचाही कारभार सोपवलेला, आणि त्याला तिथलंच काम उरकत नव्हतं.

त्याच सुमारास चाकूरकडच्या व्यंकटीला कापसाच्या जिनिंगमधून काढून टाकलं. गुन्हा एवढाच, की त्यानं युनियनच्या वर्गणीची पावती फाडली होती. कामावर परत घ्या म्हणून त्यानं दावा लावला. वकील म्हणाला, "निकाल लागेपर्यंत दुसरीकडं कुठं कामाला जायचं नाही. कमावताना दिसलास, तर केस गेलीच म्हणून समज."

व्यंकटीनं हे व्रतासारखं पाळलं. तारखेला तो लातूरला जायचा. शिपाई रिकाम्या खुर्चीसमोर नावं पुकारायचा, हा "हाजर" म्हणायचा आणि पुढची तारीख घेऊन परत यायचा. असल्या बेशरम खेळाला न्याय म्हणतात.

मग दुष्काळ पडला. अख्खं गाव रोजगार हमीच्या खडीवर गेलं. व्यंकटी ओट्यावर बसून राहिला. त्याच्या वाटची खडी बायकोनं, चांगुणानं फोडली. एक कपची उडाली आणि तिचा डावा डोळा गेला. व्यंकटी घरात तोंड लपवून रडला, पण हातोडा काही त्यानं उचलला नाही. पट्टी बांधून तीच परत कामावर गेली.

किती तरी वर्षांनी साहेब आला. आपण रिकामेच होतो, असं व्यंकटीनं शपथेवर सांगितलं. तेच सांगायला चांगुणा साक्षीला उभी राहिली. वकिलानं तिला नीट पढवलं होतं. जिनिंगचा वकील पक्का बदमाश. त्यानं हसत विचारलं, "म्हणजे एवढी वर्षं तुझा नवरा बायकोच्या जिवावर बसून खातो?"

कोर्टात खसखस पिकली. चांगुणाच्या अंगाची आग झाली.

"कोन म्हनतं? खडी ह्यांनीच फोडली. म्या निस्ती भाकर घिऊन जात व्हते."

मग तिचा डोळा कशानं गेला, ते कुणी विचारलं नाही. नवरा शपथेवर खोटं बोलला असं ठरलं आणि दावा फेटाळला गेला.

परतताना एसटीत ती म्हणाली, "चार मानसांत तुमाला बसून खानारा म्हनू देऊ व्हय?"

व्यंकटीला तिच्यावर चिडायचीही सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो खडीवर गेला. मुकादमानं त्याचे मऊ पडलेले हात उलटेपालटे करून बघितले.

"तू ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "बाईलाच लावून दे."