आठ नंबरची बराख

आमच्या ह्यांना रक्तदाब नाही, साखर नाही, गुडघेदुखी नाही. जे काही दुखणं आहे त्याचं नाव गेणभाऊ.

हे म्हणजे माझे यजमान, हौशीराम. पिंपळवंडीत गेणभाऊचं रान आणि आमचं रान बांधाला बांध लागून. दोघं एका वर्गात शिकले, एकाच वर्षी दोघांची लग्नं झाली, आणि तेव्हापासून गेणभाऊने जे जे केलं ते ते ह्यांना सलत आलं. त्याने ट्रॅक्टर घेतला तेव्हा ह्यांनी आमच्या जुन्या ट्रॅक्टरला रंग दिला. त्याच्या घरावर पाण्याची टाकी बसली तेव्हा आमच्या घरावर त्याहून मोठी बसली, आणि त्या पावसाळ्यापासून आमचा स्लॅब गळतो. मजा अशी की गेणभाऊच्या हे गावीही नाही. तो जाता-येता नुसतं "बरं हाय का हौशीराम" म्हणतो, आणि त्याने असं का विचारलं असेल यावर ह्यांचा सगळा दिवस जातो.

आमच्याकडे जत्रेची पत्रिका हातात पडली की माणसं देवाचं नाव नंतर वाचतात, आपलं नाव कितव्या ओळीत आलंय ते आधी बघतात. मागे एकदा गेणभाऊचं नाव ह्यांच्या नावाच्या वर छापलं गेलं. छापणाऱ्याकडे नावं जशी आली तशी त्याने लावली होती. पण ह्यांनी त्या वर्षी जत्रेत पाऊल टाकलं नाही. नैवेद्याचं ताट मी एकटीने नेलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला ह्यांच्या अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं.

माझे धाकटे दीर कुंडलिक शेजारीच राहतात. त्यांची मुलगी संस्कृती कॅनडातल्या एका मोठ्या विद्यापीठात शिकते. खोटं कशाला बोलू, ती गेली तेव्हा मलाही आतून काहीतरी टोचलं. आमचा ऋषी पिकअपमधून मंचरला माल नेतो, पोरगा कष्टाळू आहे, पण त्याच्याबद्दल चारचौघींत सांगायला मला रोज नवं काही नसतं. माझी जाऊ उज्ज्वला मात्र कोणी ऊन फार पडलंय म्हणालं की लगेच तिकडचा बर्फ सांगते. आमच्या संस्कृतीच्या विद्यापीठात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला बस लागते, आमच्या संस्कृतीच्या वर्गात आपल्या गावच्या शाळेपेक्षा जास्त पोरं बसतात, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की तिथली वाट मला डोळे मिटून सापडेल.

पोरगी मात्र गुणाची. ती तिथे साठवणीतला कांदा का सडतो यावर संशोधन करते. सडका कांदा बघायला सातासमुद्रापार कशाला जायचं, आमच्या बराखीत ये म्हणावं, असं मी एकदा थट्टेनं बोलले होते. यंदा मे महिन्यात ती खरंच आली. उन्हाळ्यात तिथल्या मुलांना असं बाहेर राहून काम करायला पाठवतात म्हणे. ऑगस्ट अखेरपर्यंत तिला गावातल्या निवडक बराखींमधला कांदा तपासायचा होता. बराख म्हणजे आमची कांदा साठवायची जागा. खालून हवा खेळावी म्हणून जमिनीपासून उचललेली, बाजूंना फटी ठेवलेली. जो तो आपल्या हिशोबाने बांधतो, आणि आपल्यासारखी दुसऱ्या कोणाची नाही असं मानतो.

संस्कृतीने आठ बराखी घेतल्या. प्रत्येक बराखीच्या एका कोपऱ्यात हिरवी जाळी लावून आत वजन करून कांदे ठेवले. त्यात हवेची ऊब आणि ओल टिपणारी एक छोटी पांढरी डबी ठेवली. मग सगळ्यांना आपल्या घरी चहाला बोलावून तिने समजावून सांगितलं, की या जाळीला पावसाळाभर कोणी हात लावायचा नाही. सडू दे, पाणी सुटू दे, वास येऊ दे, मी दर महिन्याला येऊन वजन करीन. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. तिच्या विद्यापीठात एक कमिटी असते. माणसांकडून माहिती घ्यायची तर त्या कमिटीची आधी परवानगी लागते, आणि कमिटीची अट अशी की कोणाचंही नाव कुठे छापायचं नाही. नावाच्या जागी नुसता नंबर.

नंबर कॉम्प्युटरने काढले होते. एक नंबर गेणभाऊला गेला आणि आठ नंबर आम्हाला.

ह्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. सगळे उठून गेल्यावर संस्कृतीला विचारलं की सख्खा चुलता शेवटी आणि तो पहिला, हे कसं काय. तिने हसून सांगितलं की नाना, या नंबरला काही अर्थ नसतो. हे म्हणाले, अर्थ नसतो तर मग एक नंबर मला दे. ती म्हणाली, तसं बदलता येत नाही. ह्यांचा चेहरा मला पाठ आहे. अर्थ नाही आणि बदलताही येत नाही, म्हणजे नक्की काहीतरी अर्थ आहे, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं.

घरी आल्यावर जेवताना ते मला समजावू लागले. तिकडची माणसं आठ बराखींचा कागद समोर धरणार. वरून वाचत येणार. सगळ्यात वर कोण, तर गेणभाऊ. मी म्हटलं, अहो, तिथे गेणभाऊचं नावच नाही. तर म्हणाले, नंबर तर हाय ना.

पाऊस सुरू झाला तसा कांद्याने आपला गुण दाखवायला सुरुवात केली. गेणभाऊच्या जाळीतले कांदे काळे पडले, पाणी सुटलं, चिलटं जमली. त्याची बायको नाकाला पदर लावून हिंडायची. गेणभाऊने ढिम्म हात लावला नाही. पोरीनं सांगितलंय म्हटल्यावर विषय संपला, असा तो माणूस. आमच्या जाळीतले कांदे मात्र जूनच्या अखेरीला होते तसे. संस्कृतीने वजन केलं तर तेही जेवढ्याला तेवढं. ती काट्याकडे बघतच राहिली. हे बाजूला हात मागे बांधून उभे होते आणि आढ्याकडे बघत होते.

जुलैत एकदा दुपारी भाजीला कांदे आणायला मी बराखीत गेले. बघते तर हे जाळी उचलून आत बसलेले. शेजारी वजनकाटा. लेकीच्या लग्नाचे गहू निवडावेत तसा एकेक कांदा हातात फिरवून बघत होते. ज्याला बोट लावलं की दबतोय तो बाजूला काढायचा, आणि मागच्या ढिगातला तसाच दिसणारा, टणक, त्या जागी ठेवायचा. वजन कमी भरलं की वर आणखी दोन टाकायचे. मी म्हटलं, पोरीनं हात लावू नका म्हणून सांगितलंय. म्हणाले, "हात कुठं लावतोय, साफ करतोय." एवढी सेवा त्यांनी कधी माझ्या भाजीच्या कांद्याची केली नव्हती. मी हसत माघारी आले.

ऑगस्टचं वजन झालं आणि संस्कृती धावतच आमच्या ओट्यावर आली. सात बराखींत कांदा कमी-जास्त सडला होता, आठ नंबरमध्ये एकही नाही. तिने आमच्या बराखीची लांबी-रुंदी घेतली, फटी मोजल्या, वारा कुठून येतो ते विचारलं, फोटो काढले. सगळे आकडे तिने तिच्या गाईड मॅडमना पाठवले. सप्टेंबरात परत गेली की तिथल्या प्राध्यापकांसमोर उभी राहून ती हे सगळं मांडणार होती, आणि त्यावरच तिची डिग्री होती. मग हे विचारू लागले, सगळ्यात खराब निकाल कोणाचा. तिने नाव सांगायला नकार दिला. पण वासावरून सगळ्या गावाला माहीत होतं.

त्या आठवड्यात ह्यांच्यासारखा सुखी माणूस पिंपळवंडीत नव्हता. दुधाला, पेपरला, कशालाही निघाले तरी गेणभाऊच्या दारावरून जायचे. चार दिवसांनी तर कहरच झाला. गेणभाऊ स्वतः टेप घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, माझी बराख मोडून तुझ्यासारखी बांधायची म्हणतो, मापं घेऊ दे. आणि बराखीत उभं राहून, मनात कसलाही किंतू न ठेवता, तो ह्यांना म्हणाला, "हौशीराम, तुझं डोकं लई चालतं राव. आमाला आजवर जमलं न्हाई."

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं दारात चालून आलं. हे नुसतं "हं" म्हणाले. मी चहा ठेवायला घराकडे वळणार तेवढ्यात संस्कृती आली. तिचे डोळे सुजलेले होते.

मॅडमचा फोन आला होता. त्यांनी आमच्या आकड्यांवर बोट ठेवलं होतं. कांदा सडला नाही तरी सुकतोच, त्याचं वजन उतरतंच. तीन महिने एका वजनावर राहणारा कांदा जगात नाही. मॅडमना वाटत होतं की संस्कृतीने आठ नंबरचे आकडे घरी बसून लिहिले. सख्ख्या चुलत्याची बराख, म्हणून त्याला वर आणलं. तिथे यासाठी चौकशी बसते, आणि आकडे बनवलेत असं ठरलं तर विद्यापीठातून काढून टाकतात. दोन वर्षांचं शिक्षण त्यात जाणार होतं.

तिने ह्यांच्याकडे बघून विचारलं, "नाना, तुम्ही जाळीला हात लावला नव्हता ना?"

गेणभाऊ टेपचं एक टोक खांबाला धरून उभा होता, टेपची डबी ह्यांच्या पायाशी होती. मी ह्यांच्याकडे बघत होते, आणि मला स्वच्छ दिसत होतं की ह्यांची नजर संस्कृतीकडे नाही, गेणभाऊकडे आहे. गेणभाऊ तिथे नसता तर ह्यांनी पोरीला एका क्षणात सांगून टाकलं असतं. पुतणी म्हणजे जीव की प्राण. नुसतं "आता गेणभाऊला जाऊ दे, मग बोलू" म्हणाले असते तरी चाललं असतं. ते तसंच म्हणतील असं मला वाटलं, आणि मी मनातून त्याची तयारीही केली होती.

"बदललं मी," हे म्हणाले. "सडकं काढलं, चांगलं टाकलं. वजन करून."

गेणभाऊने टेप सोडला. तो गोळा होत होत ह्यांच्या पायाशी येऊन थांबला. संस्कृती खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रागाने की सुटकेने, मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही. गेणभाऊने हळूच विचारलं, "आरं, पर कशापायी?"

"तुझा एक नंबर आला म्हनून."

हे ऐकून गेणभाऊ हसेल असं वाटलं. तो हसला नाही. त्याला खरंच काही समजलं नव्हतं, आणि ह्यांना त्याचाच जास्त त्रास होत होता. आयुष्यभर ज्याच्याशी भांडण केलं त्याला भांडण चालू आहे हेच माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी कुंडलिकभाऊजींच्या घरात लॅपटॉप उघडला. तिकडे तेव्हा सकाळ होती. मॅडमच्या मागे काचेच्या मोठ्या खिडकीतून झाडं दिसत होती. उज्ज्वला माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मी तिला दोष देत नाही. गेणभाऊ न बोलावता आला आणि दाराशी टेकून उभा राहिला. संस्कृतीने आधी इंग्रजीत सगळं सांगितलं. मॅडमनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की आठ नंबर वगळून बाकीच्या सातांवर काम पूर्ण करता येईल, पण हे ज्याने केलं त्याने स्वतः कबूल करावं, त्यांना ते रेकॉर्ड करून चौकशीच्या कमिटीसमोर ठेवायचं आहे.

संस्कृतीने ह्यांना आपल्या भाषेत समजावलं. नियमाप्रमाणे तुमच्यावर नाव सांगायची सक्ती नाही, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. फक्त नाव नसेल तर कोणालाही उभं केलं असं कोणी म्हणू शकेल.

ह्यांनी टोपी सरळ केली. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम पिंपळवंडी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, सगळं सांगितलं. मग मी कांदे बदलले, पोरीला यातलं काही माहीत नव्हतं, असं दोनदा म्हणाले. संस्कृतीने त्याचं इंग्रजी केलं. मॅडमनी मान हलवली, आभार मानले, आणि समोरचा पडदा काळा झाला.

ह्यांनी विचारलं, "हे तिकडं कोन कोन ऐकनार?"

"कमिटीतले सगळे," संस्कृती म्हणाली. "आणि ते फाइलमध्ये कायम राहील."

ह्यांनी दाराकडे एकदा बघितलं. गेणभाऊ अजून तिथेच उभा होता. मग खालच्या आवाजात विचारलं, "त्या फाइलीत त्याचं नाव हाय का?"

"नाही नाना," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांचे नंबर आहेत. नाव फक्त तुमचंच."

मग गेणभाऊ आत आला आणि ह्यांना हाताला धरून त्याने उठवलं. पहिल्यांदाच ह्यांनी त्याचा हात झटकला नाही.