शांत बसण्याचे स्टिकर

वर्गात गोष्ट सांगायला आलेल्या लोला सुरुवातीलाच थांबल्या.

थांबल्या म्हणजे अगदी थांबल्या. वाक्य अर्ध्यावर सोडून समोर बघत बसल्या. समोर कार्पेटवर मांडी घालून बसलेली इयर फोरची, म्हणजे आठ-नऊ वर्षांची, तीस मुलं त्यांच्याकडे बघत होती. मागे मुलांच्या बुटक्या खुर्चीवर आमच्या डेप्युटी हेड मिसेस हॅरिस क्लिपबोर्ड घेऊन बसल्या होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या हातात लॅमिनेट केलेलं डुकराचं चित्र होतं.

हे डुक्कर वर्गात कसं आलं, ते आधी सांगते.

मी विलायतेत हाउन्सलोच्या एका प्रायमरी शाळेत ईएएल शिकवते. ज्या मुलांच्या घरी दुसरी भाषा बोलतात, त्यांना इंग्रजी शिकवायचं काम. विमानतळ जवळ असल्यामुळे आमच्याकडे कुठल्याही देशातून, कुठल्याही महिन्यात मूल येऊन दाखल होतं. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण इथे सगळ्याच शिक्षिका मुलांच्या 'मिस' असतात, त्यामुळे मीही मिस.

चेरी मे फिलिपिन्समधून सप्टेंबरात आली. वय आठ. आई केअर होममध्ये नोकरीला. मुलीची नजर हुशार, अक्षर सुरेख आणि तोंडाला कुलूप. नव्या भाषेत येऊन पडलेली मुलं काही महिने बोलत नाहीत, नुसती ऐकतात. त्याला आम्ही सायलेंट पीरियड म्हणतो आणि घाबरत नाही. पण फेब्रुवारी आला तरी चेरी मे 'यस मिस'च्या पुढे जाईना. आई म्हणायची, घरी तर हिची टकळी थांबत नाही, टीव्हीशीसुद्धा इंग्रजीत भांडते. मला ते आईचं कौतुक वाटायचं.

वर्गात मात्र ती सगळ्यांची लाडकी होती. ओठ मिटून, हात मांडीवर ठेवून बसण्याला इथे गुड लिसनिंग म्हणतात आणि त्याचे स्टिकर मिळतात. भिंतीवरच्या तक्त्यात चेरी मेच्या नावापुढे सगळ्यात जास्त स्टिकर होते. त्यातले निम्मे मीच दिलेले.

हाफ टर्मच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीच्या, आधी मिसेस हॅरिसनी मला बोलावलं. बाई मनाने चांगल्या, पण त्यांचा कागदावर फार विश्वास. चेरी मेच्या कागदावर 'बोलणे' या रकान्यात काहीच नव्हतं. सुट्टीनंतर तिला रोज सकाळी इयर टूमध्ये बसवावं, असं त्यांनी ठरवत आणलं होतं.

इयर टू म्हणजे सहा-सात वर्षांची मुलं. आठ वर्षांच्या मुलीला रोज सगळ्यांच्या देखत उठून त्या वर्गात जावं लागलं, तर तिचं काय होईल हे मला दिसत होतं. एकदा खाली बसवलेलं मूल वर यायला फार वेळ लागतो. कागद लगेच खाली जातात, वर येताना त्यांना फॉर्म लागतात. मी दोन आठवडे मागितले.

"वैशाली, मी दोन आठवड्यांनी, गुरुवारी, वर्गात येऊन बसेन," त्या म्हणाल्या. "तिच्या तोंडून एक पूर्ण वाक्य ऐकव. एकच."

माझ्याकडे एक युक्ती होती. मुलाच्या घरची लोककथा घ्यायची आणि तिच्यातून इंग्रजी शिकवायचं. गोष्ट ओळखीची असली की नवे असतात ते फक्त शब्द. मी इंटरनेटवरून फिलिपिन्सची एक गोष्ट काढली. तिच्यात समुद्र होता, कोळी होते, नारळाची झाडं होती. रविवारभर बसून चित्रं छापली आणि लॅमिनेट केली. प्रायमरीतल्या शिक्षिकेला लॅमिनेटर मिळाला की ती समोर दिसेल ते प्लॅस्टिकमध्ये घालते.

चेरी मेने सगळी चित्रं पाहिली. पाहुण्यांचा लग्नाचा अल्बम बघावा तशी, अगदी सभ्यपणे. बोलली काही नाही.

संध्याकाळी गेटवर तिच्या आईने खुलासा केला. ती डोंगरातली माणसं. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं असलेला त्यांचा मुलूख, तिथल्या आदिवासी जमातीतले ते. चेरी मेने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इकडे येताना, विमानाच्या खिडकीतून.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो चहा ओतायचा थांबून हसला. "तू नागपूरची ना गं? इथे आल्यावर जो भेटेल तो तुला मुंबईच्या समुद्राबद्दल विचारायचा, तेव्हा केवढी चिडायचीस." मी चहा घेतला.

पण चेरी मेच्या आईने जाता जाता एक कामाची गोष्ट सांगितली होती. तिची आई सहा महिन्यांसाठी इकडे आली होती. चेरी मेची लोला, म्हणजे आजी. डोंगरातल्या गोष्टी सांगण्यात त्यांचा हातखंडा. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या फ्लॅटवर गेले. हातवारे करत, एकेक शब्द सुटा करून, मोठ्या आवाजात मी त्यांना विचारलं, तुम्ही, शाळेत, गोष्ट, सांगाल? लोलांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि स्वच्छ इंग्रजीत विचारलं, चहा की कॉफी. मग एवढंच विचारलं की वर्गात माणसं किती असतील.

"तीस मुलं," मी म्हणाले.

"पुरेत," लोला म्हणाल्या.

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला गर्दीची धास्ती असेल. म्हणून बुधवारी मी इयर फोरची तालीम घेतली. पाहुण्या येणार, मिसेस हॅरिस येणार, तेव्हा चकार शब्द निघता कामा नये. तालमीत जो हूं की चूं करणार नाही, त्याला लगेच सोनेरी स्टिकर. गोष्टीत डुक्कर आहे एवढं लोला बोलल्या होत्या, म्हणून त्याचं चित्रही करून ठेवलं. माझी तयारी चोख होती.

तर गुरुवार. लोलांनी इंग्रजीत सुरुवात केली, "एका म्हाताऱ्याचं डुक्कर हरवलं. तो शोधायला निघाला..." आणि थांबल्या.

मुलं गप्प. लोलांनी भुवया उंचावल्या आणि पुन्हा पहिल्यापासून, "एका म्हाताऱ्याचं डुक्कर हरवलं. तो शोधायला निघाला..."

पुन्हा शांतता. मुलांना वाटलं, ही परीक्षाच आहे. त्यांनी ओठ आणखी घट्ट मिटले. एकाने तर नाकही धरलं. मिसेस हॅरिसनी कागदावर काहीतरी लिहिलं. लोला गोष्ट विसरल्या, आता मुलगी इयर टूमध्ये गेली, एवढंच मला सुचत होतं. मी पुढे होऊन डुकराचं चित्र दाखवलं. लोलांनी ते हाताने बाजूला सारलं आणि तिसऱ्यांदा तेच वाक्य सुरू केलं.

तेव्हा माझं लक्ष चेरी मेकडे गेलं. ती लाल झाली होती. गुडघ्यांवर उठत-बसत होती, तोंड उघडत होती आणि मिटत होती. आजीकडे बघायची, मग माझ्याकडे, मग स्वेटरवरच्या कालच्या सोनेरी स्टिकरकडे.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी आमच्याकडे काय वेगळं होतं? माझी मोठी आत्या गोष्ट सांगायला बसली की आधी बजावायची, हुंकार द्या. प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याने 'हं' म्हणायचं. हुंकार थांबला की आत्या गोष्ट अर्धी सोडून भाजी निवडायला जायची. ऐकणं म्हणजे गप्प बसणं, हे मी इकडे येऊन शिकले होते. इतकं शिकले होते, की दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होते. लोलांनी तीस माणसं मोजली होती ती उत्तर द्यायला.

"चेरी मे, हुंकार दे गं," मी म्हणाले. चक्क मराठीत. तिला शब्द कळायचं कारण नव्हतं, पण मी मान हलवली ती कळली.

तिने स्वेटरवरचा स्टिकर काढला, कार्पेटला चिकटवला आणि वर्ग दणाणेल अशा आवाजात म्हणाली, "इन द फील्ड अबव्ह द रिव्हर!"

नदीच्या वरच्या खाचरात. लोलांचा चेहरा उजळला आणि गोष्ट पुढे सरकली. म्हाताऱ्याला उंदीर भेटला. कुठे? नदीच्या वरच्या खाचरात. कोंबडा कुठे आरवला? तिथेच. प्रत्येक जागा ऐकणाऱ्यांनीच सांगायची, अशी ती गोष्ट होती. दोन वेळा चेरी मे एकटी ओरडली. मग ती वर्गाकडे वळून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही पण म्हणायचं. कुणी नाही म्हटलं तर लोला गोष्ट सोडून घरी जाते, आणि मग डुक्कर कुणालाच सापडत नाही."

हे सगळं इंग्रजीत. मला एक वाक्य हवं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी डुकराच्या चित्राआड तोंड लपवलं.

पुढची दहा मिनिटं वर्गात नुसता दंगा होता. शेजारच्या वर्गातले सर दार ठोठावून बघून गेले. शेवटी डुक्कर म्हाताऱ्याच्या घराखालीच झोपलेलं सापडलं. घराखाली कसं, असं कुणीतरी विचारलं, तर आमची घरं खांबांवर उंच असतात आणि खाली डुक्कर राहतं, हे चेरी मेने उठून समजावलं. लोला हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून ऐकत होत्या.

मुलं खेळायला गेल्यावर मिसेस हॅरिसनी क्लिपबोर्ड माझ्यापुढे धरला. 'मुले शांतपणे ऐकतात' या रकान्यात त्यांनी आधी बरोबरची खूण केली होती आणि नंतर ती खोडली होती.

"ही मुलगी सप्टेंबरपासून का बोलली नाही?" त्यांनी विचारलं.

मी भिंतीवरचा तक्ता दाखवला. चेरी मेच्या नावापुढे स्टिकर मावत नव्हते. मग त्यांनी इयर टूचा कागद क्लिपबोर्डवरून काढला आणि दुमडून खिशात घातला.

तीच गोष्ट मी पुढे महिनाभर वापरली. डुक्कर खाचराच्या वर, खाली, मागे, शेजारी कुठे कुठे फिरवून जागा सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांचा अख्खा धडा काढला. लोला जूनमध्ये परत गेल्या. जुलैत चेरी मेचा रिपोर्ट आला. त्यात शेरा होता, 'बोलण्यासाठी आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकले पाहिजे.' खाली मिसेस हॅरिसची सही.

या नोकरीत मी एवढंच शिकले. मूल बोलत नसेल, तर त्याला खालच्या वर्गात पाठवण्याआधी बघून घ्यावं, गप्प बसल्याबद्दल आपणच त्याला स्टिकर दिलेत का.